जुना स्नोबोर्ड सेट: काय ठेवायचं आणि काय बदलायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मामेभावाने दिलेला बारा-तेरा वर्षांचा सेट आहे: 156 सेंमीचा बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डला बांधून ठेवणारी पट्ट्यांची जोडणी), बूट आणि हेल्मेट. तुमचं वजन 72 किलो, पाऊल 27.5 सेंमी आणि मिळालेले बूट 28.5 चे. आजवर दहा-बारा दिवस उतारावर काढलेत, त्यातले पहिले चार भाड्याच्या सामानावर. या सेटवर बोर्ड ‘वळायला उशीर लावतो’, मधेच बोर्डची पोलादी कड बर्फात अडकून आपटायला होतं, कडांना तांबेरा आलाय आणि तळावर एक खोल ओरखडा आहे. पैसे मोजके आहेत, म्हणून यंदा नवा बोर्ड घ्यायचा आणि बाकीचं पुढच्या वर्षी बघायचं, असा तुमचा बेत आहे.

माझा सल्ला बरोबर उलटा आहे. हेल्मेट आणि बूट यंदाच बदला, बाइंडिंग खोलून तपासा आणि बोर्डला शेवटपर्यंत हात लावू नका. चौदा हंगाम मी बोर्डांच्या दुरुस्तीचं काम करतोय, त्यातले निम्मे शिकवतही होतो. ‘बोर्ड ऐकत नाही’ म्हणून जितके लोक माझ्या टेबलापर्यंत आले, त्यातल्या बहुतेकांचा बोर्ड ठीक होता. पाय बुटात फिरत होता.

त्याचं कारण समजलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. स्नोबोर्डवर तुम्ही जे काही करता ते पायाच्या बोटांतून आणि टाचेतून खाली जातं: पायातून बुटात, बुटातून बाइंडिंगमध्ये, तिथून बोर्डात आणि मग कडेत. या साखळीत जिथे पोकळी असेल तिथे वेळ वाया जातो. बोटांकडच्या कडेवर जायला तुम्ही पोटरी ताणता, पण टाच बुटात दीड सेंटीमीटर वर उचलली जाते. ती उचलून होईपर्यंत बोर्डला काहीच कळत नाही, आणि मग सगळा भार एकदम जाऊन पोहोचतो. आधी उशीर, नंतर हिसका. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं यात बसतात, कारण असा हिसका बसला की बोर्ड क्षणभर सपाट होतो आणि उताराच्या बाजूची कड बर्फात रुतते. नव्या बोर्डवर हेच बूट चढवलेत तर उशीर तेवढाच राहील. नवे बोर्ड बऱ्याचदा जास्त तरतरीत असतात, त्यामुळे हिसका कदाचित वाढेलही.

म्हणून बुटांपासून सुरुवात करू. आतला लायनर, म्हणजे कवचाच्या आतला मऊ बूट, पूर्ण बाहेर काढा, त्यातला तळवा काढून जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभे राहा. टाच मागच्या टोकाला टेकवा. पुढे एखाद्या बोटाच्या जाडीएवढी किंवा त्याहून जास्त जागा उरत असेल तर बूट मोठे आहेत, मग कितीही आवळा. बर्फावरच्या बुटांचा माप-आकडा म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी, 27.5 च्या पावलाला 28.5 म्हणजे पूर्ण एक सेंटीमीटर मोकळं. रोजच्या चपला-बुटांत हे चालून जातं, इथे चालत नाही. बरोबर मापाच्या बुटात ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या भिंतीला हलकी टेकतात आणि गुडघे वाकवले की किंचित मागे येतात. नवशिक्याला हा बूट घट्ट वाटतो आणि तो एक माप मोठा मागतो. वापरात लायनर दबतो आणि बूट पायाभोवती सैल होत जातो, त्यामुळे पहिल्या दिवशी ‘आरामशीर’ असलेला बूट विसाव्या दिवशी ढिला असतो. तुमचा बूट तर बारा वर्षं दुसऱ्याच्या पायाला बसलेला आहे.

माप जुळत असतं तरी दोन गोष्टी पाहाव्या लागल्या असत्या. पहिली म्हणजे तळ. पॉलियुरेथेनचे तळ वापरले नाहीत तरी म्हातारे होतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांची रासायनिक बांधणी सुटत जाते आणि एक दिवस तळ केकसारखा भुगा होऊन पडतो. माळ्यावर कोऱ्या खोक्यात ठेवलेल्या बुटाचं पहिल्याच दिवशी असं झालेलं मी पाहिलंय, आणि मालक शपथेवर सांगत होता की बूट नवाच आहे. अंगठ्याने तळाच्या बाजूला जोरात दाबा. चीर पडली, कण सुटले किंवा चिकट लागलं की तो बूट संपला. दुसरी गोष्ट घोट्याची घडी. बूट बांधून पुढे झुका. चांगला बूट सावकाश, एकसारखा वाकतो आणि परत येतो. थकलेला बूट एका ठरावीक जागी मोडतो, तिथे कवचावर पांढरट सुरकुती दिसते. अशा बुटाला नवा लायनर घालणं म्हणजे वासा मोडलेल्या घराला रंग देणं. कवच धड आणि फक्त लायनर दबलेला असेल तर मात्र नवा लायनर किंवा टाचेभोवती चिकटवायच्या फोमच्या पट्ट्या यांनी दोन हंगाम सहज निघतात. लेस तुटणं, तार ओढणारी चकती बिघडणं हे किरकोळ, त्याचे भाग मिळतात.

तुमच्या बाबतीत मापच चुकलंय, त्यामुळे बाकी तपासणीत वेळ घालवू नका. बूट मात्र सेकंड-हँड शोधू नका. बोर्ड दुसऱ्याचा चालतो, बूट पायावर बसवूनच घ्यावा लागतो.

हेल्मेटबद्दल मी वाद घालत नाही. आतला ईपीएस फोम, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा थर, एक जोराचा आघात स्वतः चिरडून घेण्यासाठी असतो. चिरडलेला फोम परत फुगत नाही आणि बाहेरच्या कवचावर ओरखडाही नसू शकतो. हेल्मेटने काय काय सोसलंय हे बघून कळायचा मार्ग तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. मामेभाऊ ‘कधी पडलो नाही’ म्हणत असेल तर तो खरंच बोलत असेल, पण गाडीच्या डिकीतून ते कितीदा निसटून पडलं हे त्याला आठवणार नाही. शिवाय धड हेल्मेटसुद्धा काही वर्षांनी बदलावं असं बनवणारेच सांगतात, आणि बारा वर्षं हा हिशोब कुठल्याही सल्ल्याच्या पलीकडचा आहे. नवं घेताना आत ईएन 1077 किंवा एएसटीएम एफ2040 असा शिक्का आहे ना ते पाहा. ही बर्फावरच्या हेल्मेटची मानकं आहेत. सायकलचं हेल्मेट त्याच्या जागी चालत नाही. आणि जुनं हेल्मेट कुणाला देऊ नका, पट्टे कापून टाका.

तेवढ्यात मनगटाचे संरक्षकही घ्या. नवशिक्या स्नोबोर्डरला सगळ्यात जास्त दुखापत मनगटाला होते, कारण कड अडकली की माणूस हात पसरून पडतो. तुम्ही सध्या नेमके तसेच पडताय. गॉगलच्या दोन काचांच्या मधे धुकं धरत असेल तर तो दुरुस्त होत नाही, बदला. नसेल तर चालवा.

आता बाइंडिंग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक या भागाकडे बघतच नाहीत. स्कीच्या बाइंडिंगमधून पडताना बूट सुटतो, स्नोबोर्डच्या बाइंडिंगमधून सुटत नाही आणि सुटूही नये. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात म्हणून गुडघे एकमेकांसोबत वळतात. एक पाय अचानक मोकळा झाला तर सगळी फळी दुसऱ्या पायाला लटकून त्याचा गुडघा पिळते. माझ्या सहाव्या हंगामात मागच्या पायाचा घोट्यावरचा पट्टा वळणाच्या मधोमध तुटला. पट्टा वरून धडधाकट दिसत होता. दातेरी पट्टीच्या मुळाशी बारीक चीर होती आणि ती मी कधी वाकवून बघितलीच नव्हती. पुढच्या पायाचा गुडघा सुजला आणि उरलेला हंगाम टेबलामागे गेला. तेव्हापासून स्वतःचे पट्टे दर हंगामाच्या सुरुवातीला मी काढून, वाकवून, उजेडात धरून बघतो.

तुम्हीही तेच करा. दोन्ही बाइंडिंग बोर्डवरून उतरवा. तळपट्टीवर, विशेषतः जिच्यातून स्क्रू बोर्डात जातात त्या मधल्या चकतीच्या भोवती आणि टाचेमागची कमान जिथे जोडली जाते तिथे, पांढरट रेषा आहेत का पाहा. प्लास्टिक ताण खाऊन पांढरं पडतं, आणि चिरेची सुरुवात तिथूनच होते. तळपट्टीला चीर असेल तर ते बाइंडिंग भंगारात. चिकटवू नका, तार बांधू नका. दातेरी पट्ट्या एकेक करून अर्धगोल वाकवा. रॅचेटमध्ये, म्हणजे पट्टी आवळून धरणाऱ्या खटक्यात, पट्टी घालून जोरात मागे ओढा. दात झिजले असतील तर ती सरकते. पाठीमागचा उभा टेका हातात धरून पिळा. हे सगळं उबदार खोलीत करून समाधान मानू नका: बाइंडिंग रात्रभर थंडीत ठेवून सकाळी पुन्हा वाकवा. थंडीत प्लास्टिक ताठर होतं, आणि उन्हात वर्षं काढलेलं प्लास्टिक तर ठिसूळच असतं.

दातेरी पट्ट्या, रॅचेट, स्क्रू, बोटांवरचा पट्टा हे सुटे मिळतात आणि स्वस्तात बसतात. म्हणून नियम साधा ठेवा: सांगाडा शाबूत असेल तर पट्ट्या बदलून बाइंडिंग ठेवा, सांगाडा गेला असेल तर पूर्ण बदला. बदलताना दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिलं म्हणजे बोर्डवरच्या भोकांची मांडणी. 4 बाय 4 आणि 2 बाय 4 सेंमीच्या मांडणीला बहुतेक चकत्या बसतात, पण बर्टन कंपनीच्या काही जुन्या बोर्डांवर तीन भोकांची वेगळी मांडणी असते आणि नंतरच्यांवर लांब खोबण, तिला चालणारी चकती आहे का हे आधी विचारा. दुसरं म्हणजे नव्या बुटाचं माप. तुमचा बूट एक माप लहान होणार आहे, तेव्हा सध्याचं बाइंडिंग मोठं पडेल का ते नवे बूट हातात आल्यावरच बघा. बूट बसवून पट्टा आवळल्यावर पट्ट्याची गादी घोट्याच्या मधोमध यायला हवी.

एक सावधगिरी. 1990 च्या दशकात पट्ट्यांऐवजी बुटाचा तळच अडकवायच्या बऱ्याच पद्धती निघाल्या आणि बहुतेक बंद पडल्या. तुमचा सेट तसा नाही, पण कुणी तसा देऊ केला तर घेऊ नका. बूट गेला की बाइंडिंगही जातं आणि भाग कुठे मिळत नाहीत. बर्टनने 2017 मध्ये आणलेल्या स्टेप ऑन या अशाच बिनपट्ट्याच्या पद्धतीतही बूट आणि बाइंडिंग एकमेकांना बांधलेले असतात, तेव्हा ती सेकंड-हँड घेताना दोन्हीचा विचार एकत्र करावा लागतो.

बोर्डकडे येऊ. बोर्ड म्हणजे लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली राळेत भिजवलेलं काचतंतूचं कापड, खाली पॉलिथिलीनचा तळ आणि भोवती पोलादी कड. हे सगळं एकजीव चिकटलेलं असेल तर बोर्ड वीस वर्षांचाही चालतो. चिकटलेलं सुटायला लागलं तर दोन वर्षांचाही जातो. त्यामुळे वर्षं मोजण्यापेक्षा जोड तपासा.

मी आधी नाणं घेतो. टोकापासून शेपटीपर्यंत वरच्या पृष्ठावर हळूहळू टकटक करत जायचं, आधी मधून, मग दोन्ही कडांजवळून. आवाज सगळीकडे भरीव आला पाहिजे. एखाद्या जागी तो पोकळ झाला, फुटक्या मडक्यासारखा, तर तिथे थर सुटलाय. नंतर कड आणि बाजूची भिंत यांच्या सांध्यात नख फिरवा. नख आत शिरत असेल तर पाणीही शिरतंय, आणि ते गोठून फुगताना फट रुंद करत जातं. अगदी टोकाला किंवा शेपटीला थर सुटला असेल तर वाळवून, इपॉक्सी भरून, शिकंजात दाबून ठेवला की टिकतो. तोच दोन पायांच्या मधल्या पट्ट्यात कडेलगत सुटला असेल तर मी स्वतःचा बोर्डही टाकून देईन. सगळा ताण तिथेच असतो.

मग बोर्ड उलटा करून डोळ्यांच्या रेषेत धरा, सुतार फळी बघतो तसा. पिळलेला दिसतोय का? पुढच्या बाइंडिंगच्या जरा पुढे वरच्या पृष्ठावर आडवी सुरकुती आहे का? असेल तर आतलं लाकूड मोडलंय, आणि त्यावर इलाज नाही. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा. तुमच्या बोर्डच्या मधोमध खाली बहुधा फट दिसेल, कारण 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ सगळे बोर्ड कॅम्बरचे, म्हणजे कमानदार असत, आणि पुढेही बरेच तसेच राहिले. मधून उलटे वाकलेले रॉकर बोर्ड त्यानंतर पसरले. खूप वापरात कमान बसत जाते. फट दोन्ही बाजूंनी सारखी दिसत असेल आणि हाताने दाबून सोडल्यावर बोर्ड उसळून परत येत असेल तर त्यात जीव आहे. कमान असमान असेल तर मात्र तो एकीकडे ओढत राहील.

तांबेऱ्याने घाबरू नका. वरवरचा तांबेरा रबरी घासणीने किंवा हिऱ्याच्या बारीक पट्टीने पाच मिनिटांत निघतो. बघायचं ते कडेची जाडी. नवीन कड साधारण 2 मिमीची असते. दर खेपेला घासताना ती झिजते. निम्म्यावर आली असेल तर आणखी थोड्याच वेळा धार लागेल. कड वाकून बाहेर आली असेल किंवा पायाखालच्या भागात तिला आडव्या चिरा असतील, तर हा बोर्ड लोखंडी नळ्यांवरून घसरवला गेलाय असं समजा. तळावर आडवे ओरखडेही सापडतील.

तुमच्या कड अडकण्यात बुटांसोबत धारेचाही हात असू शकतो. तळाच्या बाजूने कड साधारण 1 अंश उतरती घासलेली असावी लागते, म्हणजे बोर्ड सपाट असताना ती बर्फापासून किंचित वर राहते. घरी फक्त बाजूने धार लावून ठेवली आणि खालचा बुरा (घासताना वळून उरलेली धातूची बारीक किनार) तसाच राहिला तर कड सतत चावत राहते. बोट कडेवर आडवं फिरवून बघा, खरखर लागली की बुरा आहे. एकदा चांगल्या वर्कशॉपमधून पूर्ण धार लावून घ्या, आणि टोक-शेपटीकडे, जिथे कड वर वळायला सुरुवात होते, तिथली धार जरा मोडून द्यायला सांगा. कमानदार बोर्डवर शिकणाऱ्यासाठी याने फार फरक पडतो.

तळावरच्या ओरखड्याला एकच प्रश्न विचारा: आतलं काही दिसतंय का? काळा किंवा रंगीतच दिसत असेल तर पी-टेक्सची (तळाच्याच जातीच्या प्लास्टिकची) कांडी वितळवून भरा, थंड झाल्यावर पातीने सपाट करा. लाकूड किंवा कापड दिसत असेल तर पुढच्या दिवसाआधी तो बुजवा, नाहीतर गाभा पाणी पिईल. कडेला लागून असलेल्या खोल खड्ड्यात कांडी धरत नाही, तिथे तुकडा कापून बसवावा लागतो आणि ते काम जाणत्या हातांचं आहे. तळ कोरडा, पांढरा पडलेला दिसला तर तो मेलेला नसतो, भुकेला असतो. इस्त्रीने गरम वॅक्स द्या, गार होऊ द्या, खरवडा, पुन्हा द्या. दोन-तीन खेपांत रंग परत येतो. इस्त्रीतून धूर निघत असेल तर ती फार तापली आहे, थांबा.

शेवटची तपासणी भोकांची. प्रत्येक भोकात स्क्रू बोटांनी फिरवून घाला, स्क्रूड्रायव्हर नको. तो अडखळला तर आट्यांत गंज किंवा कचरा आहे, साफ होतो. स्क्रूबरोबर आतली धातूची बोंडीच फिरत असेल तर ते भोक गेलं. शेजारची भोकं वापरता आली तर बोर्ड वाचतो. स्क्रू जुनेच वापरा किंवा तेवढ्याच लांबीचे घ्या. लांब स्क्रू आत जाऊन तळाला फोड आणतो, आणि तो फोड घासूनही जात नाही.

156 ची लांबी तुमच्या 72 किलोंना चालते. रुंदीचं मात्र आत्ता ठरवू नका. नवे बूट बाइंडिंगमध्ये बसवून, तुमच्या नेहमीच्या कोनात, बोर्ड जमिनीवर कडेवर कलवा. बोटं किंवा टाच बोर्डबाहेर प्रत्येकी एक-दोन सेंटीमीटर आली तर ठीक. त्याहून जास्त असेल तर खोल वळणात बूट बर्फाला घासेल. बूट लहान झाल्यावर हा प्रश्न मिटायची शक्यता खूप आहे, आणि याच एका कारणासाठीही बोर्ड बुटांनंतर.

यातल्या कुठल्या तपासणीत बोर्ड नापास झाला तर दुरुस्तीचा खर्च विचारा. तो एखाद्या धडधाकट वापरलेल्या बोर्डच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी दुरुस्त करत नाही. पण तुम्ही वर्णन केलेला बोर्ड, म्हणजे तांबेरा आणि एक ओरखडा, मला तरी दोन-तीन हंगामांचा दिसतो. त्यावर आधी टाच घट्ट धरणाऱ्या बुटांत पंधरा दिवस काढा. मग नवा बोर्ड घेताना मऊ हवा की ताठ, कमानदार की रॉकर, हे तुम्हाला स्वतःच्या पायांनी सांगता येईल.

सगळं जोडून पहिल्या दिवशी गेलात की दोन उतारांनंतर थांबा आणि बाइंडिंगचे आठही स्क्रू पुन्हा आवळा. नव्याने बसवलेले स्क्रू पहिल्या तासात हमखास सैल होतात. छोटा स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा.